बॅटवरचं एमआरएफ आणि फोनमधली रमी

दिवाळीत हदगावला गेलो होतो. आईने सवयीप्रमाणे माळा साफ करायला लावला आणि जुन्या गाद्यांच्या मागे माझी बॅट सापडली. तळाशी थोडी वाळवी लागलेली, हँडलला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं, आणि पुढच्या बाजूला लाल ऑइलपेंटने काढलेली तीन इंग्रजी अक्षरं. एम, आर, एफ. जागा संपत आल्यामुळे एफ बिचारा अंग चोरून उभा आहे.

ही अक्षरं मी २००७ च्या वर्ल्डकपच्या आधी काढली होती. घराच्या दरवाजाला रंग देऊन उरलेला डबा होता, ब्रश नव्हता म्हणून कडुनिंबाची काडी चावून वापरली. एमआरएफ ही टायर बनवणारी मद्रासची कंपनी आहे हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. मला वाटायचं बॅटचाच काहीतरी प्रकार असेल. (आपण तो वर्ल्डकप पहिल्याच फेरीत हरलो, त्यात माझ्या बॅटचा काही दोष नाही.)

बॅट घेऊन खाली आलो तर ओसरीवर पुतण्या फोनवर गाडीचा गेम खेळत बसलेला. म्हणजे खेळत नव्हता. फोन उलटा करून मांडीवर ठेवला होता आणि तोंडाने आकडे मोजत होता. काय रे, असं विचारलं तर म्हणाला, "काका, ॲड चालूए. थांब की जरा." तीसपर्यंत मोजून त्याने फोन सुलटा केला, कोपऱ्यातली बारीकशी फुली नेमकी दाबली आणि गाडी पुन्हा सुरू केली. अगदी सराईत हात.

मग दुपारभर तेच डोक्यात घोळत राहिलं. मी कोणी न सांगता, एक पैसा न घेता, उलट घरचा रंग खर्च करून एका कंपनीची जाहिरात माझ्या खेळात आणली होती. आणि हा पोरगा जाहिरात दिसू नये म्हणून फोन पालथा घालतो. खेळातल्या जाहिरातीबद्दल खेळणाऱ्याला नक्की काय वाटतं? आणि वीस वर्षांत एवढं काय बदललं? शोधायला बसलो, तो हा लेख.

सुरुवात व्हिडिओ गेम्सपासूनच करू. खेळात जाहिरात घालण्याचं पहिलं उदाहरण म्हणून बऱ्याचदा १९७८ च्या 'ॲडव्हेंचरलँड'चं नाव घेतलं जातं. स्कॉट ॲडम्स नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने लिहिलेला हा खेळ नुसत्या अक्षरांचा होता, चित्रबित्र काही नाही. त्यात त्याने स्वतःच्याच पुढच्या खेळाची जाहिरात घालून ठेवली होती. त्यानंतर १९८२ मध्ये जपानच्या नाम्को कंपनीचा 'पोल पोझिशन' आला. मोटारींच्या शर्यतीचा खेळ, रस्त्याच्या कडेला फलक, आणि त्यावर पेप्सी, कॅनन अशी खरी नावं. खेळणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही, कारण खऱ्या शर्यतीच्या रस्त्यावर फलक असतातच. उलट फलक नसते तर तो रस्ता शर्यतीचा वाटला नसता.

लगेच पुढच्या वर्षी याच्या उलट प्रकारही आला. १९८३ मध्ये अमेरिकेत 'चेझ द चक वॅगन' नावाचा गेम निघाला. तो दुकानात मिळत नसे. कुत्र्यांचं खाणं विकत घ्यायचं, पाकिटावरचा पुरावा पोस्टाने पाठवायचा, मग गेम घरी येणार. म्हणजे खेळात जाहिरात नव्हती, जाहिरातीचाच खेळ केला होता. पुढच्या चाळीस वर्षांत जे काही झालं त्याची दोन्ही टोकं या दोन खेळांत दिसतात. एकीकडे खेळाच्या कडेला उभी राहणारी जाहिरात, दुसरीकडे खेळालाच गिळून टाकणारी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिका-जपानचं झालं, आपलं काय? तर मंडळी, खेळात जाहिरात आपल्याकडेही नवी नाही. आमच्या भागात जत्रेतल्या कुस्त्या बघितल्या असतील तर आठवेल. लाऊडस्पीकरवर पुकारा चालू असतो, या जोडीला अमक्यांकडून एकशे एक रुपये, तमक्या ट्रेडिंग कंपनीकडून एकावन्न. टेनिस बॉलच्या स्पर्धांना तर प्रत्येक सिक्सरला कोणीतरी पुढारी शंभराची नोट जाहीर करतो आणि त्याचं नाव तीनदा घेतलं जातं. ही जाहिरातच आहे. पण एखाद्या पैलवानाने त्यावर कपाळाला आठ्या घातल्याचं मी तरी पाहिलं नाही. कारण उघड आहे. पैसा त्याच्या हातात पडतो, आणि पुकारा कुस्ती सुरू होण्याआधी होतो. डाव चालू असताना कोणी मध्ये येऊन उभं राहत नाही.

क्रिकेटमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९८७ चा वर्ल्डकप रिलायन्स कप होता, १९९६ चा विल्स. विल्स म्हणजे सिगारेट, आणि ते नाव शाळकरी पोरांच्या तोंडी बसलं होतं. त्याच १९९६ च्या स्पर्धेत सचिन तेंडुलकरने सर्वाधिक ५२३ धावा काढल्या, त्या स्टिकर नसलेल्या कोऱ्या बॅटने. एमआरएफ त्यानंतर आलं. १९९८ मध्ये शारजात त्याने ऑस्ट्रेलियाला धुतलं तेव्हा ती तीन अक्षरं घराघरात पोचली. त्या स्पर्धेचं नावही कोका-कोला कप होतं, हे आता सांगितल्याशिवाय कोणाला आठवत नाही. पुढे गावोगावच्या पोरांनी बॅटवर खडूने, स्केचपेनने, ऑइलपेंटने एमआरएफ लिहिलं. मी त्या रांगेतला बराच शेवटचा. आम्हाला टायर नको होते, आम्हाला सचिन व्हायचं होतं. जाहिरात सचिनच्या हातात होती म्हणून ती आम्हाला खेळाचाच भाग वाटली.

हीच गोष्ट पुढे संगणकावर आली. हदगावच्या बसस्टँडजवळ एक नेट कॅफे होता. तासाला वीस रुपये, आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून जायचं. तिथे आम्ही ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' खेळायचो. हा गेम २००६ च्या शेवटी आला. ईएकडे ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडच्या संघांचे हक्क होते, आपल्या संघाचे नव्हते. त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड करून ठेवलेली आणि जर्सी कुठली तरी. खेळ उत्तम, पण भारत भारतासारखा दिसायचा नाही. जर्सीवर सहारा नाही. २००१ पासून भारतीय संघाच्या छातीवर सहारा होतं आणि आमच्या पिढीने संघ पहिल्यांदा पाहिला तोच त्या नावासकट.

मग पॅच आले. जगभरच्या, आणि त्यात भरपूर भारतीय, हौशी पोरांनी गेमच्या फाइली उघडून खरी नावं, खरे चेहरे, खऱ्या जर्सी घातल्या. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि आयपीएलचे पॅच निघाले, त्यात संघांच्या जर्सी प्रायोजकांच्या नावांसकट, सीमारेषेवरच्या बोर्डांवर डीएलएफ. कॅफेवाल्या दादाने ते कुठून तरी डाउनलोड करून सगळ्या मशीनवर टाकले तेव्हा आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या. नीट विचार करा, रात्ररात्र जागून, फुकटात, लोक स्वतःच्या हाताने खेळात जाहिराती घालत होते आणि बाकीचे त्यांना दुवा देत होते!

आता गंमत बघा. नेमक्या याच वर्षांत अमेरिका-युरोपातले खेळाडू जाहिराती काढून टाकण्याच्या खटपटीत होते. २००२ मध्ये न्यूयॉर्कला मॅसिव्ह नावाची कंपनी निघाली होती. तिची कल्पना अशी की गेममधला फलक कायमचा रंगवायचाच नाही, इंटरनेटवरून रोज नवी जाहिरात आणून तिथे लावायची. २००५ मध्ये 'स्वॉट ४' या पोलिसांच्या गेममध्ये एका अपडेटमधून असे फलक आले. लोकांनी दुकानातून पूर्ण किमतीला गेम घेतला होता, आणि जाहिरात नंतर मागच्या दाराने आत आली. काहींनी जाहिरातीच्या सर्व्हरचा पत्ता संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहून दारच बंद करून टाकलं. २००६ मध्ये 'बॅटलफील्ड २१४२' आला, त्याच्या खोक्यात एक चिठ्ठी निघाली. तुमच्या संगणकावरून काही माहिती जाहिरातींसाठी घेतली जाईल, मान्य नसेल तर खेळ इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर टाकू नका, अशा अर्थाची. ऑनलाइन खेळण्यासाठीच घेतलेला गेम! बोंबाबोंब झाली.

त्याच मॅसिव्हचे फलक 'अनार्की ऑनलाइन' या गेममध्येही होते. तिथे मात्र एवढा आरडाओरडा झाला नाही. कारण डिसेंबर २००४ पासून त्या कंपनीने सरळ दोन दारं ठेवली होती. पैसे भरा, नाहीतर फुकट खेळा आणि फलक बघा. कंपनी तीच, फलकही तसेच, फक्त व्यवहार आधी सांगितलेला. मॅसिव्हला मायक्रोसॉफ्टने मे २००६ मध्ये विकत घेतलं आणि २०१० मध्ये बंद करून टाकलं. मधल्या काळात, ऑक्टोबर २००८ मध्ये, 'बर्नआउट पॅराडाइज'च्या रस्त्यांवर ओबामांच्या प्रचाराचे फलकही लागून गेले. शर्यतीच्या रस्त्यावर निवडणुकीचे होर्डिंग, म्हणजे अगदी आपल्यासारखंच.

मग हदगावची पोरं उदार आणि अमेरिकेची कंजूष, असं आहे का? अजिबात नाही. खरं सांगायचं तर आमच्या कॅफेतला गेम पायरेटेड सीडीवरचा होता. आम्ही ईएला एक रुपया दिला नव्हता, त्यामुळे माझ्या पैशाच्या वस्तूत तुझी जाहिरात कशी, हा प्रश्न आम्हाला पडणंच शक्य नव्हतं. शिवाय आमच्या जाहिराती आम्ही निवडलेल्या होत्या आणि त्या आमच्यावर नजर ठेवत नव्हत्या. त्यांच्या जाहिराती त्यांच्यावर लादलेल्या. म्हणजे राग जाहिरातीचा नव्हताच, व्यवहाराचा होता. माझं काय घेतलं, मला काय दिलं, आणि मला विचारलं का?

आता मुंबईकडे वळू, कारण फुकट खेळा आणि जाहिरात बघा हा व्यवहार आपल्याकडे तिथून आला. आलोक केजरीवाल यांनी १९९८ मध्ये कॉन्टेस्ट्स टू विन सुरू केली, कंपन्यांच्या जाहिरातींना ऑनलाइन स्पर्धांचं रूप देणारी. विशाल गोंदल यांची इंडियागेम्स १९९९ ची. २००६ मध्ये अनिल अंबानींच्या रिलायन्स समूहाने झपाक ही फुकट खेळांची साइट काढली. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांची नजर चुकवून झपाकवर खेळलेले लोक आज कुठल्या ना कुठल्या कंपनीत मॅनेजर असतील. खेळाच्या बाजूला जाहिरातीची पट्टी असायची. तिच्याकडे कोणी बघायचं नाही आणि तिचा कोणाला त्रासही नव्हता. इथपर्यंत जाहिरात फक्त जागा घेत होती.

पण आपण भारतीय वेळ घेणाऱ्या जाहिरातीलाही सरावलेले होतो, टीव्हीमुळे. ओव्हर संपली की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात. त्यात कधी पुढच्या ओव्हरचा पहिला चेंडूही गिळला जायचा आणि घराघरात शिव्या पडायच्या. तरी आपण चालवून घेतलं, कारण बघणाऱ्याला तेवढ्यात पाणी पिऊन येता येतं. खेळणाऱ्याचं तसं नसतं. त्याचा हात, डोळा, लय सगळं गुंतलेलं असतं. बॅट्समन स्टान्स घेऊन उभा आहे आणि कोणीतरी त्याच्या तोंडासमोर साबण धरला, तर तो बॅट कुठे चालवेल? २०२० मध्ये ईएने 'यूएफसी ४' या साठ डॉलरच्या गेममध्ये रिप्लेच्या वेळी मोठ्या जाहिराती टाकून बघितल्या. एवढा गदारोळ झाला की काही दिवसांत त्या काढाव्या लागल्या.

आपल्याकडे वेळ घेणारी जाहिरात मोबाइलवर आली. सुरुवातीला तिच्यावर आपला जालीम उपाय होता, डेटा बंद करून खेळायचं. 'टेम्पल रन', 'सबवे सर्फर्स' खेळताना हे शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं. त्यात कंजूषपणा नव्हता. तेव्हा डेटा एमबीच्या हिशेबात विकत घ्यावा लागायचा, म्हणजे जाहिरात दाखवणार ते आणि तिचं भाडं भरणार आपण! सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आधी फुकट मग स्वस्त, आणि फोनचा डेटा चोवीस तास चालू राहू लागला. आपली ढाल आपणच खाली ठेवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा, विकाश जयस्वाल यांचा 'लुडो किंग' आला होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो कुठल्या कुठे गेला. खेळ फुकट, कमाई मुख्यतः जाहिरातींवर. आमच्या घरी पुण्याहून मी, हदगावहून आई आणि काकू, नागपूरहून ताई असे रोज रात्री खेळायचो. मध्ये जाहिरात यायची, काकू चष्मा पुसून घ्यायच्या. फार तक्रार नव्हती, कारण त्या दिवसांत त्या खेळाने जे दिलं ते जाहिरातीच्या अर्ध्या मिनिटापेक्षा कितीतरी मोठं होतं. इथेही व्यवहारच. मोबाइल गेमवाल्यांनी पुढे त्यात एक हुशारी केली, जाहिरात बघा आणि एक जीव मिळवा, मर्जी तुमची. या प्रकारावर लोक सगळ्यात कमी चिडतात. विचारलं की माणूस बदलतो.

आता कबुलीजबाब. नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मीही एक गेम केला होता, मराठी शब्दकोड्याचा. खाली जाहिरातीची एक पट्टी लावली. कमाई म्हणाल तर आठवड्याला एका वडापावची. शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, आणि त्या वेगाने ते माझ्या रिटायरमेंटला आले असते. मग एका मित्राच्या सल्ल्याने प्रत्येक कोड्यानंतर पूर्ण स्क्रीनची जाहिरात टाकली. कमाई चौपट! आणि लोकांनी धडाधड एकेक स्टार द्यायला सुरुवात केली. एकाने लिहिलं होतं, खेळ छान आहे पण डोकं उठतं. तेही एकवेळ सोसलं. पण एकदा घरी गेलो असताना आई तेच कोडं खेळत होती, आणि कोडं सुटल्यावर तिच्या फोनवर नोटांचा पाऊस पडला. रमीची जाहिरात. आता खेळा, लगेच जिंका. आई म्हणाली, "तुझ्या गेमात पत्ते कामून आले रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर कळलं की कुठल्या प्रकारच्या जाहिराती नकोत हे निवडायची सोय सेटिंगमध्ये होती. मी ते पान कधी उघडूनही बघितलं नव्हतं.

पत्ते का आले, हे मात्र इंजिनिअर म्हणून आज सांगू शकतो. गेममध्ये जाहिरात कंपनीने दिलेला तयार कोडचा तुकडा असतो. जाहिरातीची वेळ आली की तो सर्व्हरला विचारतो आणि तिथे क्षणात लिलाव होतो. लिलावात बघतात की हजार वेळा दाखवल्यावर कोणाकडून जास्त पैसे येतील. समजुतीपुरते आकडे घेऊ. साबणवाला हजार वेळांचे पन्नास रुपये देतो. रमीवाला म्हणतो, मी दाखवण्याचे काही देणार नाही, पण ज्याने माझं ॲप टाकून घेतलं त्या प्रत्येकाचे शंभर देईन. हजारात एकाने जरी टाकलं तरी शंभर झाले, साबणवाला हरला. आणि रमीवाल्याला शंभर का परवडतात? कारण साबण घेणारा महिन्याला एक वडी नेणार, पण पैसे लावून खेळायला बसलेला माणूस किती हरेल याला वरची मर्यादाच नाही. म्हणजे ज्याला माणसाकडून सगळ्यात जास्त ओरबाडता येतं, तोच लिलावात सगळ्यात मोठी बोली लावू शकतो. कोणी मुद्दाम आईच्या शब्दकोड्यात जुगार घातला नाही. हिशेबानेच घातला.

इथे जाहिरातीने तिसरी पायरी गाठली. आधी जागा घेतली, मग वेळ घेतला, आता खेळाडूलाच उचलून नेऊ लागली. एका खेळातून काढून दुसऱ्यात बसवायचं, जिथे तो पैसे लावेल.

महाराष्ट्रात हे सगळ्यांना दिसत होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये बच्चू कडू यांनी वांद्र्याला सचिन तेंडुलकरच्या घरासमोर आंदोलन केलं, भारतरत्नाने ऑनलाइन गेमची जाहिरात करू नये म्हणून. ज्याच्या बॅटवरचं नाव आम्ही हौसेने रंगवलं, त्याच्याच दारात जाहिरातीसाठी निदर्शनं! जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतला, फोनवर पत्त्यांचा खेळ दिसणारा व्हिडिओ रोहित पवार यांनी समोर आणला. कोकाटे यांनी आरोप नाकारला. आपण रमी खेळत नव्हतो, फोनवर अचानक आलेलं ते स्किप करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. खरं-खोटं यात मी पडत नाही. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रातला प्रत्येक फोनवाला माणूस, हसला असो वा चिडला असो, स्किप करणं म्हणजे काय हे न समजावता समजला. फोनवर अचानक पत्ते उघडणं ही गोष्ट इतकी रोजची झाली होती.

आमच्या घरातही ते आलं होतं. माझा आतेभाऊ, हदगावपासून जवळच शेती. सोयाबीनची पट्टी झाली, पैसे खात्यात आले. रात्री पोरीला झोपवताना तिच्या कसल्याशा फळं कापायच्या गेममध्ये जाहिरात आली आणि याने ती दाबली. पहिल्या दिवशी दोनशे जिंकला. दीड महिन्यात अठ्ठावीस हजार गेले. त्याने आधी कोणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा पैसे गेल्यापेक्षा फसल्याची लाज जास्त होती. तो माझ्या गेममधून गेला नाही, कारण माझा गेम मी त्याआधीच काढून टाकला होता. पण जोवर तो चालू होता तोवर त्यातून कोणी गेलं का? हे मला कधीच कळणार नाही. माझ्या हिशेबाच्या तक्त्यात तो फक्त एक क्लिक असेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात अशा खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. कायद्याला कोर्टात आव्हानही दिलं गेलं. पण एक परिणाम लगेच दिसला. २०२३ पासून भारतीय संघाच्या छातीवर असलेलं मुंबईच्या ड्रीम इलेव्हनचं नाव गेलं. सप्टेंबरमधला आशिया कप आपला संघ प्रायोजकाविना खेळला, जर्सीवर फक्त देशाचं नाव, आणि जिंकला. बऱ्याच जणांना ती जर्सी आवडली. मला आधी काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, अगदी पॅच न टाकलेल्या 'क्रिकेट ०७'सारखं. एवढी आपल्याला सवय झालेली! स्पर्धा चालू असतानाच नवा करार जाहीर झाला, अपोलो टायर्सशी. म्हणजे फिरून आपण टायरवर आलो.

मला त्याचं वाईट वाटलं नाही. छातीवर टायरचं नाव आहे म्हणून बॅट्समनचा फटका चुकत नाही, आणि बघणारा फार तर टायर घेईल. जाहिरात खेळाच्या कडेला उभी राहिली, पैसा खेळापर्यंत पोचला, आणि घेणार काय ते आधी सांगितलं, तर खेळाडू तिला आपल्या हाताने रंगवतोसुद्धा. आम्ही रंगवलीच होती. फुकट खेळांना जाहिरात लागणार, हेही मी नाकारत नाही. पण फलक कुठे लावायचा एवढंच ठरवून गेम बनवणाऱ्याचं काम संपत नाही. फलकामागचं दार कुठे उघडतं, हे त्याने बघायलाच हवं. मी बघितलं नव्हतं.

परत यायच्या आदल्या दिवशी पुतण्याच्या फोनवर बसून जमतील तेवढ्या जाहिरातींच्या सेटिंग बंद करून दिल्या. अर्धा तास लागला, त्याला फार काही फरक वाटला नसावा. बॅट मात्र त्याने मागून घेतली. म्हणाला, "काका, यावरलं नाव पुसू का? मला माझं टाकायचंय."

टाक म्हटलं. सँडपेपर शोधून दिला. संध्याकाळपर्यंत एम आणि आर गेले होते, एफ अजून थोडा दिसत होता.